गोब्लिन आणि सातबारा

"तुझं बरंय रे, तुझ्या डेकला डोकं लागत नाही." हे मला कोण म्हणतंय, तर एक लँड, म्हणजे जमिनीचं कार्ड, खाली ठेवायचं की नाही यावर जो डोळे मिटून ध्यान लावतो तो.

मॅजिक द गॅदरिंग न खेळणाऱ्यांनी एवढंच समजा की दोघांकडे ६०-६० पत्त्यांचे डेक, दोघांना २०-२० लाइफ, समोरच्याचं शून्यावर आणायचं. मी लाल गोब्लिन खेळतो, पहिल्या टर्नपासून मारत सुटायचं आणि चौथ्या-पाचव्यापर्यंत विषय संपवायचा. दुकानातल्या स्पर्धेत समोर हाच ध्यानवाला, निळा-पांढरा कंट्रोल घेऊन, म्हणजे तुम्ही जे कराल त्याला आधी नाही म्हणायचं, मग सावकाश कधीतरी जिंकायचं.

पहिला गेम मी पटकन मारला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात आजोबा आले.

नातवाला घेऊन आले होते. नातू पलीकडच्या टेबलावर, आणि कोणीतरी आजोबांना खुर्ची दिली ती नेमकी आमच्या टेबलाच्या टोकाला. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत वाचून झालेला पेपर, त्यामुळे आता करायला काही नाही. भूमी अभिलेख खात्यातून रिटायर झालेत हे त्यांनी बसता बसताच सांगून टाकलं.

आता माझा गोब्लिन गाइड. एका मॅनात (मॅना म्हणजे लँडमधून मिळणारी ताकद) २/२, म्हणजे दोनचा मार आणि दोनचा जीव, आणि आल्या आल्या हल्ला, पण एक खोट आहे. तो हल्ल्याला गेला की समोरच्याने डेकवरचं पहिलं कार्ड उघडून दाखवायचं आणि ते लँड निघालं तर सरळ त्याच्या हातात.

"म्हणजे मारायला गेलात तुम्ही," आजोबा म्हणाले, "आणि जमीन मिळाली ह्यांना?"

"हो."

"कायमची?"

"कार्डावर तसं लिहिलंय आजोबा."

"आणि तुम्हाला मोबदला?"

"दोन डॅमेज."

"दोन!" आजोबा कंट्रोलवाल्याकडे वळले. "घ्या हो घ्या. अशी पार्टी मिळत नाही. आमच्याकडे वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ आयुष्यभर तारखा घेतात."

मग प्रत्येक हल्ल्याला आजोबा पुढे वाकून बघणार, लँड निघाली की "फेरफार झाला!" म्हणून जाहीर करणार, नाही निघाली तर "नोंद रद्द". आजूबाजूची पोरं खेळ सोडून हसायला लागली. बाहेरच्याने सल्ला द्यायचा नाही हा साधा नियम आहे, मी दुकानवाल्याकडे बघितलं, तर तो म्हणे, जाऊ दे ना, आजोबा आहेत. नियमात आजोबांना सूट कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

पुढे तर कळसच. कंट्रोलवाल्याने हातातली कार्डं जरा तिरकी केली, आजोबांनी चष्मा वर ढकलला आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्यांदा वाचलं, "डिस्ट्रॉय... ऑल... क्रीचर्स." रॅथ ऑफ गॉड, टेबलावरचे सगळे लढणारे एका फटक्यात साफ. "ह्याला चार जमिनी लागतात ना? तुमच्या तीनच आहेत. थांबा की, हे देतील चौथी!"

आता बघा माझी अवस्था. त्याचं लाइफ ९. गाइडला घरी बसवला तर चौथी लँड माझ्या हातून जाणार नाही, पण मार कमी बसेल आणि त्याला एक टर्न जास्त मिळेल, आणि कंट्रोलला टर्न दिला की तो परत मिळत नाही. सगळे पाठवले तर ९ चे २ होतात. हातातला एक गोब्लिन मागे ठेवायचा की तोही उतरवायचा? ह्याला म्हणतात डोकं न लागणं! एक मागे ठेवला, बाकी सगळे पाठवले. वरचं कार्ड उघडलं. प्लेन्स.

"दिली!" आजोबांनी टाळी वाजवली.

रॅथ पडला, टेबल साफ. मागे ठेवलेला गोब्लिन उतरवला तर तो काउंटर, म्हणजे टेबलावर यायच्या आधीच रद्द. मग २ लाइफवर बसून त्या माणसाने तो गेम असा काही ताणला की आजोबा मध्ये उठून चहा पिऊन आले तरी तो एकच टर्न चालू होता.

लाल डेकवाल्यांचं हे पूर्वीपासून असंच आहे. १९९६ साली अटलांटात पॉल स्लाय नावाचा माणूस असाच स्वस्तातल्या लाल क्रीचर्सचा डेक घेऊन एका क्वालिफायरच्या, म्हणजे मोठ्या स्पर्धेसाठीच्या पात्रता स्पर्धेच्या, फायनलला गेला. लोक म्हणाले कचरा आहे. पण दर टर्नला सगळा मॅना वापरला जाईल असा हिशोब करून तो बांधलेला होता आणि आज ज्याला त्याला मॅना कर्व्ह, म्हणजे किती मॅनाची किती कार्डं घ्यायची तो हिशोब, पाठ असतो त्यात ह्या कचऱ्याचा मोठा हात आहे. तरी गंमत अशी की डेक मुळात बांधला जे श्नायडरने आणि नाव लागलं स्लायचं. आजोबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, कब्जा महत्त्वाचा.

राउंड ५० मिनिटांचा. त्यातली माझी दहा झाली असतील फार तर, बाकीची सगळी त्याच्या ध्यानाची. एक-एक होऊन तिसरा गेम सुरू होतोय तोवर वेळ संपली, वरच्या जादा पाच टर्नमध्येही निकाल नाही, ड्रॉ. जिंकलो असतो तर ३ पॉइंट, आता १. संथ खेळल्याबद्दल कोणी त्याला एक अवाक्षर बोललं नाही, आणि हात मिळवताना वर मलाच ते डोक्याचं ऐकवलं.

आता कळतंय की नातवाला कंट्रोल डेक हवाय आणि आजोबा घेऊन देणार आहेत. तो नवीन होता तेव्हा मी त्याला माझे जास्तीचे गोब्लिन फुकट दिले होते, ते काल रबर लावून परत आले. मोजले. एक कमी आहे.