डिस्टिंक्ट-व्हॅल्यूजवाल्या कॉमेंटला उत्तर

नमस्कार, कॉमेंट चांगलीच तिखट होती, पण कुणीतरी कोडपर्यंत पोचलं हे बघून बरं वाटलं. माझी पोस्ट होती एक्सएसएलटीत (एक्सएमएल फाइलींचं रूप बदलायची भाषा) संदर्भसूचीतले दुबार संदर्भ कसे काढायचे त्यावर. तुमचं म्हणणं दोन गोष्टींचं: डिस्टिंक्ट-व्हॅल्यूजने (दुबार किमती गाळून देणारं फंक्शन) एका ओळीत होणाऱ्या कामाला मी की (नोंदी पटकन शोधायची अनुक्रमणिका) आणि जनरेट-आयडीचा (प्रत्येक नोंदीला वेगळी ओळख देणारं फंक्शन) फापटपसारा मांडला, आणि वर माझ्या स्टाइलशीटने (म्हणजे एक्सएसएलटीतल्या कोडने) तुमचा एक खरा संदर्भ खाल्ला.

पहिलं काय पटत नाही बघा. डिस्टिंक्ट-व्हॅल्यूज नुसत्या किमती देतं, नोड, म्हणजे डॉक्युमेंटमधली मूळ नोंद, देत नाही, म्हणजे हातात शीर्षकाची स्ट्रिंग तेवढी उरते आणि साल, प्रकाशक, आयडी शोधायला परत डॉक्युमेंटमध्ये उतरावंच लागतं. तुम्हाला हवंय ते फॉर-ईच-ग्रुप, सारख्या नोंदींचे गट करणारं, ते एक्सएसएलटीच्या 2007 च्या 2.0 आवृत्तीत आलं. मी सोलापुरात ज्या प्रेसचं काम करतो तिथं हा कोड चालवायला एक्सएसएलटीप्रॉक आहे, ते 1.0 च्या पुढं जात नाही, 2.0 चालवणारं सॅक्सन बसवा म्हणून मालकांना सांगून दमलो. म्हणून स्टीव्ह म्युंच (Muench) यांची जुनी पद्धत, ज्या नोडचा जनरेट-आयडी कीमधल्या त्याच्यासारख्या पहिल्या नोडशी जुळतो तेवढाच ठेवायचा. त्याऐवजी प्रत्येक संदर्भाला मागचे सगळे तपासत बसलं तर 4000 संदर्भांना 80 लाखांच्या आसपास तुलना होतात.

दुसऱ्यात मात्र चूक माझीच. की फक्त शीर्षकावर लावली होती, आणि ‘शोलापूर’, ‘सोलापूर’ एक व्हावं म्हणून ट्रान्सलेटने (अक्षरं बदलणारं फंक्शन) श चा स केला होता. तुमच्या यादीत सोलापूरची गॅझेटियर दोन, एक इंग्रजांच्या काळातलं 1884 चं आणि दुसरं 1977 चं, माझ्या कीला दोन्ही सारखीच दिसली, मग पहिलं राहिलं, दुसरं गेलं. आता कॉनकॅटने (तुकडे जोडणारं फंक्शन) शीर्षक, मध्ये उभी रेघ आणि साल अशी की करतो. श चा स करणं पण बंद करतो, कारण ट्रान्सलेट गावाचं नाव ओळखत नाही, दिसेल तो श बदलतं, त्यात शेटे आणि सेटे पण एक होऊन बसतील.

आणि एक, जे तुम्ही पण नाही म्हणालात आणि मी पण लिहायचं विसरलो. डुप्लिकेट काढला की त्याचा आयडी पण जातो, पण मजकुरातली लिंक त्याच आयडीकडे बोट दाखवत राहते. मागे एका प्रबंधाच्या प्रूफमध्ये संदर्भाच्या 17 या आकड्यावर क्लिक केलं की काहीच उघडेना, अर्धी दुपार गेली त्यात. लिंकच्या टेम्प्लेटमध्ये (लिंक बनवणाऱ्या कोडच्या भागात) काढलेल्या संदर्भाच्या कीवरून पहिला नोड गाठायचा आणि त्याचा आयडी घालायचा, आकडा पण उरलेल्या यादीवरूनच मोजायचा.

पोस्टमधला कोड आज रात्री बदलतो, लाइट राहिली तर.