खुलासा : ‘प्रार्थना पुरेशी, औषधे बंद करा’ या संदेशाबाबत

‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे संस्थापक बिल विल्सन केवळ प्रार्थनेने दारूमुक्त झाले, ज्याचा ख्रिस्तावर खरा विश्वास आहे, त्याने औषधे बंद करावीत’ असा संदेश सध्या फिरत आहे. (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संस्था.) तो मीही पडताळून न पाहता पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

ज्या आध्यात्मिक अनुभवानंतर आपली दारू सुटली असे विल्सन स्वतः सांगत, तो त्यांना डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात, डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांचे उपचार चालू असताना आला. आणि १९३५ मध्ये त्यांच्यासह संस्था उभारणारे बॉब स्मिथ तर स्वतःच डॉक्टर होते. त्यांच्या सुटकेत श्रद्धेचा वाटा मोठा होता, हे मी नाकारत नाही. संदेशातून रुग्णालय तेवढे गळले आहे.

हे गळणे धोक्याचे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर काही तासांतच हात असे थरथरू लागतात की पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेताना निम्मे पाणी सांडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर काहींना भ्रम होऊन जिवावर बेतते. हे टाळण्यासाठीच डॉक्टर औषधे देतात. ती घेणे म्हणजे अविश्वास, असे पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्येही नाही : दुखणाइतांना वैद्य लागतो, हे येशूचेच म्हणणे आहे (मत्तय ९:१२), आणि प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता.

कृपया मूळ संदेश पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.