सहावीपासून कोडिंग सक्तीचे झालेले नाही

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहा वाजता धाकट्या बहिणीचा पिंपरीहून फोन आला. ‘दादा, आपल्या मनूला उशीर झाला का रे?’ हे तिचे पहिले वाक्य होते. मनू, म्हणजे माझी भाची, अकरा वर्षांची आहे, सहावीत शिकते, तब्येतीने ठणठणीत आहे, त्यामुळे उशीर कशाला झाला हे मला कळेना. तेव्हा तिने पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तीन वेळा येऊन गेलेला एक संदेश मला पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच संदेश आमच्या शाळेतील शिक्षकांच्या गटावरही आला, आणि खाली चार जणांनी टाळ्या वाजवलेल्या पाहून उत्तर लिहिणे मला भाग पडले.

संदेशात म्हटले आहे ते थोडक्यात असे. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंग सक्तीचे केले आहे. मूल आठ वर्षांचे होण्याआधी कोडिंग शिकले नाही, तर मेंदूतील त्यासाठीची ‘खिडकी’ कायमची बंद होते, आणि बिल गेट्स त्यामुळेच यशस्वी झाले. इंग्लंडमध्ये मुले पाचव्या वर्षापासून कोडिंग शिकतात. पुढच्या बहुतेक नोकऱ्या कोडिंग येणाऱ्यांनाच मिळणार आहेत. कोडिंगने गणित आणि तर्कशक्ती आपोआप सुधारते. म्हणून शाळांनी मराठी आणि चित्रकला या विषयांचे तास कमी करून ते कोडिंगला द्यावेत. सर्वांत शेवटी एका खासगी वर्गाचा दुवा आहे. त्या वर्गाचे शुल्क चाळीस हजार रुपये आहे आणि बहीण त्याचा पहिला हप्ता भरण्याच्या बेतात होती.

मी सव्वीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि गेली नऊ वर्षे आठवी-नववीच्या मुलांना संगणकाची आज्ञावली लिहायला, म्हणजेच कोडिंगही शिकवतो. या विषयाला माझा विरोध नाही, उलट तो मला मनापासून आवडतो. म्हणूनच त्याच्या नावाने आईबापांना घाबरवलेले मला सहन होत नाही.

पहिला मुद्दा सक्तीचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 29 जुलै 2020 रोजी मंजूर झाले. त्याची प्रत कोणालाही मिळते, पण हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणी ती उघडली असेल असे वाटत नाही. परिच्छेद 4.25 मध्ये गणित आणि संगणकीय विचारपद्धती यांवर शालेय जीवनभर भर द्यावा, त्यासाठी कोडी आणि खेळ यांचा नियमित वापर करावा, असे सांगितले आहे, आणि अखेरीस मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगचा अंतर्भाव असलेले उपक्रम सुरू केले जातील, असे एक वाक्य आहे. त्या वाक्यातला शब्द ‘उपक्रम’ आहे. त्यात स्वतंत्र सक्तीचा विषय नाही, परीक्षा नाही आणि खासगी वर्ग तर नाहीच नाही. सहावी हा आकडा तेवढा खरा आहे, हे मान्य करतो. बाकी सगळे त्या आकड्याला चिकटवलेले आहे. याच धोरणातील आणखी एक परिच्छेद या संदेशाचा पायाच काढून घेतो, पण त्याकडे शेवटी येतो.

खिडकीचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण माझ्या बहिणीची झोप त्यानेच उडवली. मेंदूच्या वाढीत काही ठरावीक काळ अतिशय महत्त्वाचे असतात, हे खरे आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले, की सुरुवातीच्या आठवड्यांत एक डोळा झाकून ठेवला तर पुढे तो उघडूनही त्या डोळ्याची दृष्टी नीट विकसित होत नाही. दृष्टीविषयीच्या संशोधनासाठी त्यांना 1981 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया डॉक्टर लांबवत नाहीत, त्यामागे हेच कारण आहे. भाषेतील उच्चारांच्या बाबतीतही लहान वयाला महत्त्व आहे. परंतु आज्ञावली लिहिणे हे पाहण्या-ऐकण्यासारखे उपजत काम नाही. ते बीजगणितासारखे किंवा हिशेबाच्या वह्या ठेवण्यासारखे शिकून घेण्याचे काम आहे आणि ते विशीतही येते, चाळिशीतही येते. बाळाच्या डोळ्याविषयीचे सत्य उचलून कोडिंगच्या शुल्कावर डकवणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आणि संदेशाने दिलेला दाखलाच संदेशाला खोटा पाडतो. बिल गेट्स यांनी 1968 मध्ये सिअ‍ॅटलमधील लेकसाइड शाळेत संगणकाला जोडलेल्या दूरमुद्रक (टेलिप्रिंटर) यंत्रावर पहिल्यांदा आज्ञावली लिहिली, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. संदेशातली खिडकी त्यांच्यासाठी पाच वर्षे आधीच बंद झालेली होती! घरचे उदाहरण हवे असेल, तर संगणकतज्ज्ञ विजय भटकर यांचे घ्या. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी 1946 मध्ये जन्मलेल्या मुलाच्या शाळेत संगणक असणे शक्यच नव्हते. तरीही पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत त्यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा राहिला. त्या पिढीतील बहुतेक अभियंत्यांनी संगणक पाहिला तोच महाविद्यालयात. मनूला उशीर झालेला नाही. तिच्या मोठ्या भावालाही झालेला नाही, आणि बहिणीने मनावर घेतले तर तिलाही झालेला नाही.

इंग्लंडविषयीचे विधान खरे आहे. तिथे सप्टेंबर 2014 पासून पाचव्या वर्षापासूनच्या अभ्यासक्रमात संगणनशास्त्र आले. मात्र तीनच वर्षांनी, 2017 मध्ये, तिथल्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने आढावा घेतला, तेव्हा हे शिक्षण शाळाशाळांत असमान आणि नाजूक अवस्थेत असल्याचा निष्कर्ष निघाला आणि शिक्षकांची उणीव हे त्यामागचे मोठे कारण होते. शिक्षक तयार न करता विषय जाहीर केला की श्रीमंत देशातही असे होते. आपल्याकडे 2023-24 च्या ‘युडायस प्लस’ या शाळांविषयीच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे चालू स्थितीतील संगणक असलेल्या शाळा सुमारे 57 टक्के होत्या. नोकऱ्यांच्या मुद्द्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. भारतातील माहिती-तंत्रज्ञान उद्योगात 50 लाखांहून काहीसे अधिक लोक काम करतात, ही संख्या देशातील एकूण कामकऱ्यांच्या एक टक्क्याच्या आसपास भरते, आणि त्यांतही सगळे जण आज्ञावली लिहीत नाहीत.

कोडिंगने गणित सुधारते, या दाव्यात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, तेव्हापासून ही आशा बाळगली गेली. 1980 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोगो शिकलेल्या मुलांची चाचणी घेतली, तेव्हा कामाचे नियोजन करण्यात ती इतरांच्या पुढे असल्याचे दिसले नाही. उलट 2019 मध्ये शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात विचारकौशल्यांना आणि गणिताला कोडिंगचा उपयोग होतो असे आढळले, पण भाषेसारख्या दूरच्या विषयांत तो फारसा पोहोचत नाही असेही आढळले. संदेशातील ‘आपोआप’ हा शब्द त्यामुळे टिकत नाही. तो का टिकत नाही, हे मी रविवारी बहिणीच्या घरी डोळ्यांनी पाहिले.

त्या खासगी वर्गाचा मोफत पहिला तास मनूने केला होता. पडद्यावरचे मांजर ठोकळे जोडून चालवायचे आणि चौकोन काढायचा, असा तो धडा होता. ‘चार वेळा कर, शंभर पावले चाल, 90 अंशांत वळ’ हे तिला पाठ झाले होते आणि ‘मुलगी विलक्षण आहे’ असा अभिप्रायही मिळाला होता. मी तिला समभुज त्रिकोण काढायला सांगितला. तिने चाराचे तीन केले आणि 90 चे 60 केले, कारण समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा असतो हे तिला ठाऊक होते. मांजराने तीन रेघा काढल्या आणि आकृती उघडीच राहिली. पुढे काय करायचे, हे तिला सुचेना. मग आम्ही गच्चीवर गेलो, खडूने रेघ मारली आणि तिला त्या रेघेवरून चालायला लावले. टोकाला पोहोचल्यावर त्रिकोणाच्या पुढच्या बाजूला तोंड करायचे, तर आपण किती वळतो, हे तिने स्वतःभोवती फिरून पाहिले. दोन-तीन फेऱ्यांनंतर ती थांबली आणि म्हणाली, ‘मामा, मी आतला कोन नाही वळत, बाहेरचा वळते.’ खाली येऊन तिने 120 लिहिले आणि त्रिकोण मिटला. त्यानंतर आपल्या आधीच्या चुकीत फक्त तीनाचे सहा केले तर षटकोन होतो, हे तिने न सांगता शोधून काढले.

मांजरामुळे बाह्यकोनाचा प्रश्न तिच्यासमोर उभा राहिला, हे श्रेय कोडिंगचे आहे आणि मी ते पूर्णपणे देतो. परंतु उत्तर खडूच्या रेघेवर, कोनाची समज आणि सोबतीला कोणीतरी असल्यामुळे मिळाले. त्या दोन गोष्टी नसत्या, तर मनूने आकडे बदलत बसून कधीतरी 120 वर येऊन टेकले असते आणि तिला काहीच कळले नसते.

आता मराठीच्या तासांविषयी. संदेशातील ही मागणी वाचून मला खरा राग आला. शाब्दिक उदाहरणे शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. गेल्या वर्षी सातवीतला एक मुलगा माझ्यापुढे वही घेऊन बसला होता. एका शेतकऱ्याकडे 18 क्विंटल सोयाबीन होते, त्यातले एक तृतीयांश विकले, उरले किती, असे उदाहरण होते. त्याने 18 आणि 3 यांची बेरीज करून 21 लिहिले. मी त्याला ते मोठ्याने वाचायला सांगितले. ‘तृतीयांश’वर तो अडखळला, ‘विकले’ हा शब्द जुळवेपर्यंत ओळीची सुरुवात विसरला. मग मी ते उदाहरण त्याला वाचून दाखवले आणि त्याने क्षणात ‘बारा’ असे सांगितले. त्या मुलाला गणित येत होते. त्याला वाचता येत नव्हते, आणि सातवीपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो आणि भागाकार सुमारे 31 टक्के मुलांना येतो. अशा वर्गातून मराठीचे तास काढून घ्यायचे, तर मुलाने आज्ञावलीची सूचना वाचायची तरी कशी?

धोरणातील तो दुसरा परिच्छेद 2.2 आहे. प्राथमिक शाळेत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन-लेखन आणि अंकज्ञान मिळणे याला शिक्षणव्यवस्थेचे सर्वोच्च प्राधान्य असेल, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे, आणि ही मूलभूत गरज आधी पूर्ण झाली तरच उरलेले धोरण आपल्या विद्यार्थ्यांसाठी उपयोगाचे ठरेल, असेही म्हटले आहे. उरलेल्या धोरणात परिच्छेद 4.25 आणि त्यातले कोडिंगही आले. ज्या धोरणाचे नाव घेऊन मराठीचे तास मागितले जात आहेत, त्याच धोरणाने वाचनाला कोडिंगच्या आधी बसवले आहे.

चित्रकलेविषयी एवढेच सांगतो, की कंपासने वर्तुळ काढणारा, पेन्सिलने अंतर जोखणारा हातच माझ्याकडे आठवीत भूमितीला येतो.

ज्या शाळेत मुले नीट वाचतात, शिक्षक तयार आहे आणि संगणक चालू आहे, तिथे सहावीपासून आठवड्याला एक तास कोडिंग जरूर व्हावे, आणि तो तास गणिताच्या शिक्षकाशी बोलून आखावा. मनूच्या शाळेत मात्र काही पालकांनी मराठीचे दोन आणि चित्रकलेचा एक तास कोडिंगला द्यावा, असा अर्ज तयार केला आहे आणि शनिवारी पालकसभेत तो मुख्याध्यापकांपुढे ठेवला जाणार आहे. बहिणीने हप्ता भरलेला नाही. धोरणाचे ते दोन परिच्छेद मी तिला छापून दिले आहेत आणि सभेत उभी राहून ते वाचून दाखवायला ती तयार झाली आहे.