त्या ननच्या औषधाचा फॉरवर्ड वाचून शुगरच्या गोळ्या बंद करू नका

सध्या नागपुरातल्या भिशीच्या, सोसायटीच्या, मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून राहिलाय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: न्यूझीलंडमध्ये एका फ्रेंच ननने जंगलातल्या झाडपाल्यापासून एकटीने औषध शोधलं, त्याने कॅन्सर, शुगर, दमा सगळं बरं व्हायचं, म्हणून औषध कंपन्यांनी ते दाबून टाकलं, आता पोपनेही मान्यता दिली, तीच झाडं आपल्या विदर्भात मिळतात, साइड इफेक्ट शून्य, पावडरसाठी खालच्या नंबरवर फोन करा. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, आणि परवा एका काकांनी मोबाइल पुढे करून विचारलं, "ताई, हे सुरू केलं तं शुगरच्या गोळ्या बंद केल्या चालते नं?" म्हणून हे लिहितेय.

आधी हे सांगते की बाई खरी आहे आणि मोठी आहे. सुझान ओबेर, सगळे मदर ओबेर म्हणायचे, जन्म 1835 चा फ्रान्समधला, 1860 ला मिशनच्या कामासाठी न्यूझीलंडला गेल्या आणि 1926 ला वेलिंग्टनमध्ये वारल्या. तिथल्या झाडांपासून औषधं करायच्या हे पण खरं. पुढचं मात्र एकेक करून बघा.

"एकटीने शोधलं" हे खोटं. झाडपाल्याचं ज्ञान तिथल्या माओरी लोकांचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं, त्याला ते रोंगोआ म्हणतात. पेआटा नावाच्या माओरी बाईंनी ओबेरना भाषा, चालीरीती शिकवल्या, आणि माओरी उपचारांना ओबेरनी फ्रान्सहून आणलेल्या माहितीची जोड दिली. फॉरवर्डमध्ये माओरींचा एक शब्द नाही. गडचिरोलीच्या गोंड आजीने सांगितलेलं मूळ उद्या कोणी स्वतःच्या नावावर खपवलं तर आपल्याला चालेल का? हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं तेव्हा केवढा संताप झाला होता आपल्याकडे, शेवटी 1997 ला रद्द करून घेतलं. मग माओरींचं श्रेय आपण कसं पुसतो?

"कंपन्यांनी दाबून टाकलं" हे तर अगदीच उलटं. 1890 च्या दशकात केम्पथॉर्न प्रॉसर नावाच्या औषध कंपनीमार्फतच ही औषधं बाटल्या भरून दुकानादुकानात विकली जायची, पेपरात जाहिराती यायच्या. ओबेरना मिशनसाठी पैसा पाहिजे होता, अनाथ लेकरं सांभाळायची होती, त्यासाठी ही विक्री. यात लपवाछपवी कुठून आली?

"सगळ्या रोगांवर एकच औषध" असं तर त्यांचंही नव्हतं. मारुपा, वानेना, परामो अशी वेगवेगळी नावं, वेगवेगळ्या तक्रारींसाठी. आणि तो काळ लक्षात घ्या. औषध खरंच काम करतं का हे पेशंटचे दोन गट पाडून नीट तपासायची पद्धत रुळली ती 1948 च्या टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनंतर, त्याआधी "अमक्याला बरं वाटलं" हाच पुरावा असायचा, मग तो ओबेरच्या बाटलीचा असो की लंडनच्या डॉक्टरच्या.

"तीच झाडं आपल्याकडे": नाही. कोरोमिको, कावाकावा ही न्यूझीलंडची झाडं आहेत, मेळघाटात शोधून सापडणार नाहीत. कावाकावा हे मिरीच्या कुळातलं, म्हणजे रामटेकच्या विड्याच्या पानाचं लांबचं नातेवाईक म्हणा, पण नातेवाईक म्हणजे तेच झाड नाही. मग त्या पुडीत आहे काय? काकांनी आणलेली पुडी मी बघितली, हिरवट पावडर, पारदर्शक पिशवीला स्टेपल मारलेला, ना घटकांची नावं, ना बॅच नंबर, ना लायसन्स नंबर. आयुर्वेदिक औषधालाही हे सगळं कायद्याने लागतं, आणि कॅन्सर-डायबेटीस बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता सगळ्यात घातक वाक्य, "नैसर्गिक आहे म्हणून साइड इफेक्ट नाही". हे विदर्भातल्या माणसाने बोलावं? बिब्बा माहीत नाही असं घर आहे का आपल्याकडे? त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, म्हणून तर आयुर्वेदात विटेच्या चुऱ्यात घोळून, शोधन करूनच तो वापरतात. माओरींकडेही तसंच, काराका नावाच्या फळाची बी कच्ची खाल्ली तर विषारी, ते लोक ती तासन्‌तास शिजवून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खायचे. जाणत्या लोकांना झाडाची ताकद माहीत असते म्हणूनच ते जपून वापरतात, न जपता वापरायला सांगतो तो फॉरवर्डवाला. कोरोनात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला, नंतर 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांचा अभ्यास छापून आला, गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले 43 पेशंट त्यात होते. त्याआधी मुंबईच्या अशाच केसेस छापल्या गेल्या तेव्हा आयुष मंत्रालय म्हणालं की झाड नीट ओळखलंच नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. बरं, असेल. पण डॉक्टर आणि मंत्रालय यांच्यात झाड कोणतं यावर वाद होतो, तं नंबरवर फोन करून मागवलेल्या पावडरीची खात्री कोण देणार?

आणि काकांची गोळी मेटफॉर्मिन आहे. तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झाडात आहे. त्यातलं मूळ द्रव्य साखर कमी करायचं पण जास्त विषारी होतं, म्हणून त्याच्यासारखे सौम्य रेणू बनवले गेले, आणि 1957 मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन डायबेटीसच्या पेशंटना दिल्याचं छापून आलं. म्हणजे काका झाडापासून निघालेलंच औषध घेत होते, फक्त मोजलेलं, तपासलेलं.

पोपचं म्हणाल तर 2016 मध्ये ओबेरना 'व्हेनरेबल' म्हटलं गेलं ते त्यांच्या आयुष्यासाठी, संतपदाच्या वाटेवरची ती एक पायरी आहे. त्यात औषधाला मान्यता वगैरे काही नाही.

मला सगळ्यात जास्त हे लागतं की 1883 पासून त्या वांगानुई नदीकाठच्या हिरुहारामा नावाच्या आडगावात राहिल्या, तिथे डॉक्टर हाताशी नव्हता म्हणून माणसं जगवायला हे करत होत्या, आणि इथे नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स अशी मोठी हॉस्पिटलं असताना त्यांच्याच नावावर लोकांना उपचार सोडायला लावून राहिलेत.

कोणी ती पावडर घेतच असेल तर आज थांबवा, गोळ्या बंद केल्या असतील तर डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा, लपवू नका, रागावले तर रागावू द्या. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली, तर वाट न बघता दवाखान्यात जा, आणि जाताना पुडी सोबत न्या, फेकू नका.