दिसलं ते आधी लिहून तर ठेवा

लोहगाव विमानतळाच्या जवळच मी वाढले. सुखोई डोक्यावरून जायला लागलं की आई वाक्य अर्धवट सोडायची आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे बोलायची. आता मी अमेरिकेत व्हर्जिनिया बीचला राहते. इथे नौदलाचा ओशियाना तळ आहे, आणि बोलणं मध्येच थांबवायची सवय सुटलेली नाही.

परवा घरच्या ग्रुपवर उडत्या तबकड्यांवरून वाद पेटला. मावसभाऊ म्हणाला, परग्रहवासी आलेत, सरकारं लपवतात. धानोरीच्या काकांनी लिहिलं, सगळं थोतांड आहे. नारळीकर-दाभोलकरांच्या पुण्यात असलं बोलायची लाज वाटली पाहिजे. एरवी मी काकांच्याच बाजूची. पण काका, या वेळी तुमचं पटलं नाही.

२०१४ मध्ये इथल्याच किनाऱ्यापासून काही मैलांवर दोन एफ-१८ विमानं सरावाला निघाली होती. पारदर्शक गोलात गडद रंगाचा घन, अशी एक वस्तू पुढच्या विमानापासून ५० फुटांच्या आत येऊन गेली. त्या स्क्वाड्रनचे वैमानिक रायन ग्रेव्ह्ज यांनी २६ जुलै २०२३ ला अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर हे सांगितलं. सुरक्षा अहवाल दिला, पण अधिकृत दखल घेतली गेली नाही, असं त्यांचं म्हणणं. परग्रहाचा दावा त्यांनी केला नाही. लोक वेड्यात काढतील म्हणून वैमानिक गप्प राहतात, आणि अशाने एखाद्या दिवशी टक्कर होईल, ही त्यांची काळजी. त्याच सुनावणीत दुसऱ्या साक्षीदाराने ‘मानवेतर’ अवशेषांची गोष्ट काढली आणि मथळे तिलाच मिळाले. इथल्या चर्चेचीही ही दशा आहे.

तरी इथे एक गोष्ट झाली: आकडे बाहेर आले. जून २०२१ च्या सरकारी अहवालात १४४ नोंदी होत्या. खात्रीने उलगडली फक्त एक, तो हवा जाणारा मोठा फुगा होता. बाकीच्यांसाठी माहितीच अपुरी पडली. मार्च २०२४ च्या अहवालाने परग्रहवासीयांचा पुरावा मिळाला नसल्याचं स्पष्ट सांगितलं. मावसभावाने तो जरूर वाचावा.

आणि काकांनी लडाख आठवावं. २०१२-१३ मध्ये चीनच्या सीमेवर आपल्या जवानांना रात्री उजेडाचे गोळे दिसत होते. ड्रोन असतील, असा संशय होता. जवानांनी नोंदी ठेवल्या, लष्कराने खगोलशास्त्रज्ञांना विचारलं आणि उत्तर निघालं: शुक्र आणि गुरू. थोतांड म्हणून जवानांना गप्प केलं असतं तर हे कळलंच नसतं. विवेकवाद म्हणतात तो हाच ना, काका? नारळीकरांनीही फलज्योतिष नुसतं हसण्यावारी नेलं नव्हतं. पत्रिका गोळा करून ज्योतिषांची रीतसर चाचणी घेतली होती.

म्हणून इम्फाळचं मला लागून राहिलंय. १९ नोव्हेंबर २०२३ ला विमानतळावर अज्ञात वस्तू दिसली, उड्डाणं काही तास थांबली, हवाई दलाने राफेल पाठवली. वस्तू नंतर दिसली नाही, एवढं जाहीर झालं. संरक्षणाचं गुपित जरूर राखावं. पण फुगा होता, ड्रोन होता की आणखी काही, एवढं तरी प्रवाशांना सांगायला हवं. लोहगावला तर लढाऊ विमानं आणि प्रवासी विमानं एकाच धावपट्टीवरून उडतात. दर डिसेंबरला मी तिथेच उतरते, आणि काका मला घ्यायला येतात.