हवेतलं अर्थिंग

इंजिनाला वीज लागत नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं रामायण ऐकल्यावर "मग एवढा विजेचा खटाटोप कशाला?" हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. मी घरी बांधलेल्या दोन आसनी विमानाच्या इंजिनावर दोन मॅग्नेटो आहेत. इंजिन फिरलं की ते आपली ठिणगी आपणच पाडतात, बॅटरीला विचारतही नाहीत. राइट बंधूंनी 17 डिसेंबर 1903 ला इंजिन सुरू करण्यापुरती बॅटरी वापरली, तिला तिथेच जमिनीवर ठेवलं आणि उडाले. शहाणी माणसं.

मला मात्र रेडिओ हवा होता. रडारला विमानाची ओळख सांगणारा ट्रान्सपॉन्डर हवा होता. स्टार्टर हवा, दिवे हवेत, आणि या सगळ्यांना वीज पुरते आहे की नाही हे सांगणारा व्होल्टमीटर हवा. तोही थोडी वीज खातोच.

म्हणून एका रविवारी वही घेऊन विजेचं अंदाजपत्रक मांडायला बसलो. मिळकत एकच: इंजिनासोबत फिरून वीज बनवणारा 20 अँपिअरचा छोटा अल्टरनेटर. खर्चाच्या बाजूला रांग लागली. रेडिओ नुसता ऐकत असेल तर अर्धा अँपिअर, बोलायला लागला की तीन. (माणसांचंही साधारण असंच असतं.) लँडिंग लाइट 55 वॉटचा, म्हणजे साडेचार. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत बर्फ साचू नये म्हणून तिचा हीटर, आठ.

"अहो, तुम्ही ढगात जाणार आहात का?" बायकोने वहीत डोकावून विचारलं.

"छे, तशी परवानगीच नाही."

"मग नळीला शेकोटी कशाला?"

हीटर खोडला. पण एका भिडूवर आम्हा दोघांचीही नजर गेली नाही. मास्टर स्विचच्या हुकमाखाली बॅटरीजवळ एक जाडजूड काँटॅक्टर असतो. बॅटरी आणि बाकीचं विमान यांच्यामधलं दार उघडं धरून उभं राहायचं, एवढीच त्याची नोकरी. त्या उभं राहण्याचा पगार पाऊण अँपिअर, आणि काम असो-नसो, मास्टर चालू आहे तोवर तो घेणारच. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मग तारा. तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते, हे पचायलाच मला आठवडा लागला. 22 नंबर रेडिओच्या कानाला, 4 नंबर स्टार्टरला, कारण तो शंभराच्या वर अँपिअर गिळतो. फ्यूज उपकरणाला वाचवतो ही माझी लहानपणापासूनची श्रद्धा. तीही गेली. फ्यूज तारेला वाचवतो. उपकरण जळायचं तर खुशाल जळो, तार पेटून माझ्या मांडीवर धूर होऊ नये, एवढंच त्याचं बघणं.

पण खरा छळ झाला तो अर्थिंगचा. घरात अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली पट्टी. जमिनीपासून हजार मीटर वर असताना ती पुरायची कुठे? तर पुरायची नसते. बॅटरीचं निगेटिव्ह टोक हीच जमीन मानायची. धातूच्या विमानात अख्खं अंगच परतीची वाट होतं. माझं विमान लाकूड आणि कापडाचं. त्यामुळे गेलेल्या प्रत्येक तारेच्या सोबतीला एक परतीची तार, आणि सगळ्या परतीच्या तारा इंजिनामागच्या भिंतीवर पितळेच्या एकाच ठोकळ्याला. एकाच, कारण परतीच्या वाटा दोन झाल्या की त्यांच्यात कुरबुर होते आणि ती हेडसेटमध्ये ऐकू येते.

मला आली. पहिल्यांदा इंजिन चालवलं आणि कानात "कुईंऽऽ". थ्रॉटल पुढे केला, कुईं वरच्या पट्टीत. मागे घेतला, खालच्या. अल्टरनेटर बंद केला की गप्प. म्हणजे चोर सापडला! अल्टरनेटरला फिल्टर लावला. कुईं. दिव्यांच्या तारा रेडिओच्या तारांपासून दूर नेल्या. कुईं. तीन आठवडे मी पॅनेलखाली उताणा पडून होतो, पाय सीटच्या पाठीवर, तोंडात टॉर्च.

शेवटी चोर निघाला हेडसेटचा जॅक. तो बसवला होता ॲल्युमिनियमच्या पॅनेलवर, थेट धातूला धातू. माइकच्या परतीला स्वतःची तार होती, शिवाय पॅनेलमधूनही चोरवाट मिळाली होती. तसं होऊ नये म्हणून जॅकसोबत फायबरचे नखाएवढे वॉशर येतात. माझ्याही जॅकसोबत आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सुखरूप होते, पिशवीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "जास्तीचे".

त्या संध्याकाळी वॉशर बसवले, मास्टर लावून रेडिओ लागतो का पाहिलं, रेडिओ बंद केला आणि शीळ घालत घरी गेलो.

सकाळी दहाला स्टार्टरचं बटण दाबलं. साधं खट्टसुद्धा नाही. मास्टरचा खटका वरच होता, कालपासून. संध्याकाळी सात ते सकाळी दहा, पंधरा तास. गुणिले पाऊण, सव्वाअकरा. माझी बॅटरी 12 अँपिअर-तासांची. हा एक हिशेब वहीच्या बाहेरही तंतोतंत जुळला.

म्हटलं, हाताने पंखा फिरवू, इंजिन लागलं की अल्टरनेटर भरेल बॅटरी. चाकांना अडण्या लावल्या, शेपूट दोराने खुंटीला बांधलं, हिला हेडसेट घालून आत ब्रेकवर बसवलं. पंखा खाली ओढला. मॅग्नेटोतून एक टक् आणि इंजिन धडधडायला लागलं, जणू माझ्या तारांशी त्याचा काही संबंधच नाही. व्होल्टमीटरचा काटा मात्र जागचा हलला नाही. या अल्टरनेटरला जागं व्हायलाच बॅटरीची थोडी वीज लागते. पॅनेलवर एक ठिपका उजळला नव्हता.

आणि आतून ही दोन्ही हात उंचावून आनंदाने ओरडली, "अहो, गेली हो तुमची कुईं! अगदी शांत आहे!"