कारवीचं सात वर्षांचं गणित

श्रावण सरता सरता हा निरोप मोबाइलवर येतोच: 'सात वर्षांनी एकदाच अख्ख्या सह्याद्रीवर फुलणारी कारवी, म्हणजेच नीलकुरिंजी, यंदा बहरली आहे. आत्ता चुकलात तर थेट सात वर्षांनी! फुलल्यावर झाडं रोगाने वाळतात, म्हणून एखादी फांदी घरी आणून लावा.' सोबत केरळमधल्या मुन्नारच्या डोंगरांचा फोटो. चार वाक्यांत इतक्या चुका करायलाही कसब लागतं.

फोटोपासूनच सुरुवात करू. नीलकुरिंजी आणि कारवी एकाच कुळातल्या, एकाच प्रजातीतल्या बहिणी, पण जाती वेगळ्या. नीलकुरिंजी ही स्ट्रोबिलॅन्थस कुंथियाना. ती दक्षिणेकडच्या उंच डोंगरांवर, उघड्या गवताळ उतारांवर वाढते आणि 12 वर्षांनी फुलते. मुन्नारला ती 2006 आणि 2018 साली फुलली. आपली कारवी स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा. ती झाडांच्या सावलीत आणि डोंगरउतारांवर दाटीने वाढते, माणूस दिसेनासा होईल इतकी उंच होते. तिच्या काठ्यांच्या कुडाला शेणमातीचा गिलावा देऊन घराच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. गुडघ्याएवढ्या नीलकुरिंजीच्या काठ्यांचा कूड कुणी घालून दाखवावा! कासच्या पठारावरची टोपली कारवी तर तिसरीच जात, टोपली उपडी घातल्यासारखी गोल आणि बुटकी.

आता 'अख्ख्या सह्याद्रीवर एकाच वर्षी'. सगळा घोळ इथेच आहे. सात वर्षांचं गणित सह्याद्रीचं नाही, त्या त्या डोंगरावरच्या पिढीचं आहे. एका उतारावरची रोपं एकाच पावसाळ्यात रुजतात, बरोबरीने वाढतात आणि बरोबरीनेच फुलतात. पलीकडच्या खोऱ्यातली पिढी वेगळ्या साली रुजली असेल तर तिचा बहरही वेगळ्या साली. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2008 साली आणि मग 2016 साली कारवी बहरली. म्हणजे आठ वर्षांनी! मधली बिनफुलांची वर्षं मोजली तर सात, बहराचा पावसाळा धरला तर आठवा. 'सात की आठ' हा वाद बराचसा मोजणीचाच आहे. त्यातही काही चुकार झुडपं वर्षभर आधी किंवा मागाहून फुलतात. तेव्हा यंदा हुकलं तर पुढच्या वर्षी दुसरा डोंगर शोधावा.

वाळण्याचं म्हणाल तर तो रोग नाही. कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. सगळ्यांनी एकदमच का फुलावं, याचं एक स्पष्टीकरण मला पटतं: बी इतकं तयार होतं की खाणारे किडे-पाखरं खाऊन खाऊन थकतात आणि तरी रुजण्यापुरतं उरतं. मधमाश्यांची त्या वर्षी चंगळ असते. कारवीचा मध काळपट आणि दाट असतो, चाखला असेल त्याला वेगळं सांगायला नको. बहरात झाडाजवळून गेलात तर उग्र वासाचा चिकटा कपड्यांना लागतो. फोटोत तो येत नाही.

उरली फांदी. फुललेली फांदी म्हणजे मरणाला टेकलेल्या झाडाची फांदी, ती कुंडीत काय जगणार? आणि जे झाड जन्मात एकदाच बी देतं त्याची फुलं तोडणं म्हणजे त्याचं सगळंच तोडणं. फुलांनंतर धरणारी बियांची बोंडं झाडावरच वाळू द्यावी लागतात. हिवाळा-उन्हाळा ती तशीच राहतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी ओल लागली की तडतड फुटून बी लांब उडवतात. वाळक्या काठ्यांच्या त्या रानात तेव्हा फोटो काढायला कुणी नसतं, पण पुढच्या बहराची पेरणी त्याच दिवसांत होते.